राष्ट्रीय ऑपेरा कंपनी आणि सरकारी पैसा: दहाव्या वर्षीचे पगार कोण देणार?

देशात ऑपेरा गाणारे चांगले गायक आहेत, एक-दोन पूर्णवेळ वाद्यवृंद आहेत, लहान संस्था आपापल्या परीने प्रयोग लावतात. अशा देशाच्या सरकारने राष्ट्रीय ऑपेरा कंपनी काढावी का, आणि काढली तर पैशाचा निर्णय कसा घ्यावा, असा प्रश्न आहे. कला-अनुदानाचे प्रस्ताव तपासणे आणि अनुदान मिळालेल्या संस्थांचे हिशेब पुढे वर्षानुवर्षे पाहणे हेच माझे काम असल्यामुळे उत्तर लांबणार आहे.

माझे मत आधीच सांगतो. अशा देशाने कंपनी जरूर काढावी. गायक घडवण्यावर देशाने खर्च करायचा आणि त्यांनी गाण्यासाठी मात्र कायम परदेशाची वाट धरायची, हे मला पटत नाही. पण मंत्रिमंडळापुढे येणाऱ्या प्रस्तावात बहुतेकदा पहिल्या दोन वर्षांचा खर्च सविस्तर मांडलेला असतो आणि पुढच्या काळाबद्दल एक आशावादी परिच्छेद असतो. स्थापनेचा पैसा मिळवणे तुलनेने सोपे, कारण तो एकदाच द्यायचा असतो आणि त्याचे श्रेय लगेच मिळते. दहाव्या वर्षी मंत्री, सरकार, कदाचित अर्थव्यवस्थाही बदललेली असेल. तेव्हा वादकांचे पगार कोण देणार, हे पहिल्याच बैठकीत ठरायला हवे. ते ठरत नसेल तर कंपनी काढण्याची घाई करू नये.

याचे कारण ऑपेराच्या खर्चाच्या रचनेत आहे. मोझार्टचा ‘फिगारो’ १७८६ साली व्हिएन्नात पहिल्यांदा सादर झाला तेव्हा जेवढे गायक लागले, तेवढेच आजही लागतात, आणि वादकांच्या संख्येतही फार फरक पडलेला नाही. तालमीचे तास कमी करता येत नाहीत. तिसरा अंक दुप्पट वेगाने गाऊन कुणी उत्पादकता वाढवू शकत नाही. दरम्यान बाकीच्या अर्थव्यवस्थेत यंत्रांमुळे दरडोई उत्पादन वाढते, त्याबरोबर पगार वाढतात, आणि त्या पगारांच्या जवळपास राहिल्याशिवाय वादक टिकत नाहीत. विल्यम बॉमोल आणि विल्यम बोवेन या अर्थशास्त्रज्ञांनी १९६६ साली हे नीट मांडून दाखवले. अर्थखात्याच्या भाषेत त्याचा अर्थ सरळ आहे: अनुदानाचा आकडा तसाच ठेवला तर ती दरवर्षीची कपात ठरते. महागाईइतकी वाढ दिली तरीही कंपनी हळूहळू मागे पडते, कारण पगार सर्वसाधारणपणे महागाईपेक्षा थोडे जास्तच वाढतात.

तिकिटे महाग करून ही तूट भरता येत नाही. ऑपेराचा गायक माइकशिवाय गातो, वाद्यवृंदाच्या वरून त्याचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचावा लागतो, त्यामुळे सभागृह हवे तेवढे मोठे करता येत नाही. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटनमध्ये सुमारे ३,८०० आसने आहेत, पण तो अपवाद. बहुतेक ऑपेरागृहे हजार ते दोन हजार आसनांच्या दरम्यान असतात. म्हणजे सगळी तिकिटे खपली तरी उत्पन्नाला वरची मर्यादा आहे आणि खर्चाला नाही. ‘काही वर्षांत कंपनी स्वतःच्या पायावर उभी राहील’ हे वाक्य एखाद्या प्रस्तावात दिसले की मी तिथेच थांबतो आणि आधीची पाने पुन्हा वाचतो. जर्मनी, ऑस्ट्रिया, फ्रान्स, इटली, जिथे ऑपेरा मुरलेला आहे तिथेसुद्धा तो सार्वजनिक पैशावरच चालतो.

अमेरिकेचे उदाहरण कुणीतरी नक्की देईल. तिथे थेट सरकारी मदत नगण्य आहे, हे खरे. पण देणगीदारांना करसवलत मिळते, म्हणजे सरकार आपला महसूल सोडून देत असते. शिवाय देणगीदारांचा उत्साह ओसरला की काय होते ते न्यूयॉर्क सिटी ऑपेराने दाखवून दिले. सामान्य माणसाला परवडेल असा ऑपेरा देण्यासाठी १९४३ साली स्थापन झालेली ही कंपनी २०१३ मध्ये दिवाळखोरीत गेली. ज्या देशात मोठ्या देणग्यांची परंपरा आणि तशी करव्यवस्था नाही, तिथे हा नमुना उचलण्यात अर्थ नाही.

आता आयर्लंडकडे येतो. या विषयात निर्णय कसा फसतो आणि कसा जमतो, हे एकाच देशात लागोपाठ पाहायचे असेल तर याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही.

आयर्लंडने १९२५ साली ॲबी थिएटरला ८५० पौंडांचे अनुदान दिले. इंग्रजी भाषक जगात सरकारी अनुदान मिळालेले ते पहिले नाट्यगृह. म्हणजे कलेला सरकारी पैसा देण्याचे त्या देशाला वावडे नव्हते. ऑपेराच्या बाबतीत मात्र सगळे विखुरलेलेच राहिले. डब्लिनमध्ये १९४१ पासून ग्रँड ऑपेरा सोसायटी होती, तीच पुढे ऑपेरा आयर्लंड झाली. आग्नेय किनाऱ्यावरच्या वेक्सफर्ड या छोट्या गावात १९५१ पासून शरद ऋतूत महोत्सव भरतो आणि विस्मृतीत गेलेले ऑपेरा बसवण्यासाठी तो जगभर ओळखला जातो. १९८६ मध्ये ऑपेरा थिएटर कंपनी निघाली. छोट्या निर्मिती घेऊन गावोगाव फिरणे हे तिचे काम. या सगळ्यांना मिळणारे अनुदान तुटपुंजे आणि विभागलेले होते.

मग राष्ट्रीय कंपनीची योजना आली. २०१० साली तिला आकार आला, ऑपेरा आयर्लंडने आपले काम त्याच वर्षी आवरते घेतले, नव्या कंपनीसाठी तयारी सुरू झाली. त्याच नोव्हेंबरमध्ये देशाला युरोपीय संघ आणि आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडून बचाव-कर्ज घ्यावे लागले. फेब्रुवारी २०११ मध्ये निवडणूक झाली, सरकार बदलले, आणि मे महिन्यात नवे कलामंत्री जिमी डीनिहन यांनी योजना पुढे न नेण्याचा निर्णय जाहीर केला. जुनी कंपनी बंद झालेली, नवी जन्मलीच नाही. राजधानीत नियमित मोठा ऑपेरा देणारी संस्थाच उरली नाही.

मंत्र्यांना दोष देणे सोपे आहे. देश कर्जात बुडालेला असताना रुग्णालयांच्या खर्चात कपात करायची आणि त्याच वर्षी नवी ऑपेरा कंपनी काढायची, हे कुठल्याही मंत्र्याला अवघडच गेले असते. माझा आक्षेप त्याआधीच्या क्रमावर आहे. चालती संस्था बंद होऊ दिली तेव्हा नव्या संस्थेकडे वादक, निर्मिती, प्रेक्षक यांपैकी काहीही नव्हते. होता तो फक्त मंत्रालयाचा इरादा. इरादा रद्द करायला एक पत्रक पुरते. चालत्या कंपनीचे अनुदान काढून घ्यायचे तर करार मोडावे लागतात, विकलेली तिकिटे परत करावी लागतात, प्रेक्षकांच्या रागाला तोंड द्यावे लागते. म्हणून नवी कंपनी प्रत्यक्ष प्रयोग करू लागेपर्यंत जुनीचे अनुदान थांबवू नये, ही अट मी प्रत्येक विलीनीकरणाच्या प्रस्तावात घालतो.

मधल्या काळात एक विचित्र गोष्ट झाली. वेक्सफर्डचे नवे ऑपेरागृह २००८ साली उघडले होते. २०१४ मध्ये त्याला ‘राष्ट्रीय ऑपेरागृह’ हा दर्जा मिळाला. म्हणजे चार वर्षे देशाकडे राष्ट्रीय ऑपेरागृह होते आणि राष्ट्रीय ऑपेरा कंपनी नव्हती.

दुसरी खेप वेगळ्या वाटेने आली. वाद्यवृंद-संचालक फर्गस शील यांनी वाइड ओपन ऑपेरा नावाची छोटी संस्था काढून २०१२ मध्ये डब्लिनमध्ये वाग्नरचा ‘ट्रिस्टन’ हा ऑपेरा उभा केला. ऑपेरा थिएटर कंपनीचे दौरे चालूच होते. सरकारचा पैसा कलासंस्थांना वाटणाऱ्या कला परिषदेने ऑपेराबद्दलचे आपले धोरण नव्याने आखले आणि या दोन चालत्या संस्था एकत्र येऊन जानेवारी २०१८ मध्ये आयरिश नॅशनल ऑपेरा सुरू झाली. या वेळी पैसा मंत्र्यांच्या घोषणेतून न येता कला परिषदेच्या नेहमीच्या अनुदान-प्रक्रियेतून आला. कंपनीने पहिल्याच वर्षी मोठ्या नाट्यगृहातले प्रयोग आणि छोटे दौरे दोन्ही केले, आणि करोनाच्या काळात, डिसेंबर २०२० मध्ये, वीस संगीतकारांकडून वीस छोटे ऑपेरा लिहून घेऊन ते चित्रित करून प्रेक्षकांपर्यंत पोहोचवले. स्वतःची भव्य इमारत नसलेली आणि मुळातच फिरण्याची सवय असलेली कंपनी संकटात किती लवचिक राहू शकते, ते त्यातून दिसले.

यावरून निर्णय कोणी घ्यावा या मुद्द्याकडे वळता येते. १९४६ साली ब्रिटनमध्ये कला परिषद स्थापन झाली. मंत्र्यांनी एकूण रक्कम द्यायची, ती कुणाला द्यायची हे तज्ज्ञांच्या स्वायत्त मंडळाने ठरवायचे, ही तिच्यामागची कल्पना. अर्थशास्त्रज्ञ जॉन मेनार्ड केन्स यांनी ती रुजवली आणि त्याच फेब्रुवारीत, युद्धकाळात नृत्यगृह म्हणून वापरले गेलेले कॉव्हेंट गार्डन पुन्हा रंगभूमीसाठी खुले झाले. तिथे कायमची ऑपेरा कंपनी उभी राहिली ती या नव्या अनुदानावर. मला ही पद्धत आजही सर्वांत बरी वाटते, पण ती अभेद्य नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये इंग्लंडच्या कला परिषदेने इंग्लिश नॅशनल ऑपेराला नियमित अनुदानाच्या यादीतून वगळले. वर्षाला सुमारे १.२६ कोटी पौंड मिळत होते. त्याऐवजी तीन वर्षांत मिळून १.७ कोटी देऊ, पण लंडन सोडा, असे सांगितले गेले. लंडनमधला पैसा बाहेर वळवा ही मंत्र्यांची सूचना त्यामागे होती. पुढे वाटाघाटी झाल्या, मुदत वाढली, मँचेस्टर ठरले, पण एवढ्या मोठ्या संस्थेचे स्थलांतर आधी जाहीर करायचे आणि नियोजन नंतर, याचा घाव कोरस (समूहगायक) आणि वाद्यवृंदाच्या करारांवर पडला.

लंडनबाहेरच्या प्रेक्षकांनाही ऑपेरा मिळाला पाहिजे, हा आग्रह योग्यच होता. पण त्याच फेरीत इंग्लंडमधल्या शहरांत दौरे करणाऱ्या वेल्श नॅशनल ऑपेराचेही अनुदान कापले गेले, मग त्या आग्रहाचे काय राहिले?

स्कॉटलंडने दुसरा मार्ग धरला. २००७ पासून तिथल्या पाच राष्ट्रीय कलासंस्थांना, त्यात स्कॉटिश ऑपेरा आली, सरकार थेट पैसा देते. फायदा असा की या संस्थांना छोट्या नाट्यसंस्थांशी दरवर्षी एकाच थैलीतून झगडावे लागत नाही. तोटा असा की मध्ये कुणीच उभे नसते. थेट निधी द्यायचाच असेल तर कार्यक्रम ठरवण्यात मंत्रालयाचा हात नसेल, हे कायद्यात किंवा निदान लेखी करारात बांधून घ्यावे.

थैलीचा हा मुद्दा छोटा वाटतो, पण प्रस्ताव तिथेच बुडतात. कंपनीचा पैसा कलेच्या एकूण तरतुदीत नव्याने वाढवून येणार आहे की आहे त्यातूनच काढला जाणार आहे? दुसरी गोष्ट असेल तर पहिल्या दिवसापासून कवी, नाटकवाले, नृत्यसंस्था, लोककलेचे कार्यकर्ते सगळे विरोधात उभे राहतात, आणि त्यांचे म्हणणे रास्तच असते. एक ऑपेरा कंपनी डझनावारी छोट्या संस्थांचा पैसा सहज गिळू शकते. नवा पैसा मिळत नसेल तर थांबावे, असेच मी सांगतो.

इमारतीबद्दल माझे मत ठाम आहे: पहिली दहा वर्षे इमारत नको. सिडनीच्या ऑपेरागृहाचे उदाहरण सगळ्यांना माहीत आहे, पण त्यातला महत्त्वाचा धडा सहसा सांगितला जात नाही. बांधकामाचा ७० लाख ऑस्ट्रेलियन डॉलरचा अंदाज १०.२ कोटींवर गेला, त्यातला बराचसा पैसा राज्याने लॉटरीतून उभा केला, हे सगळे बोलतात. मात्र १९७३ साली ती वास्तू खुली झाली तेव्हा मोठे सभागृह वाद्यवृंदाच्या मैफलींसाठी राखले गेले होते आणि ऑपेराच्या वाट्याला सुमारे दीड हजार आसनांचे छोटे सभागृह आले, अरुंद रंगमंच आणि दाटीवाटीचा ऑर्केस्ट्रा पिट (रंगमंचापुढची वादकांची खोलगट जागा) असलेले. आराखडे ठरत होते तेव्हा तिथली ऑपेरा कंपनी नवखी होती, तिची स्थापना १९५६ ची. आणि सरकारी प्रसारण संस्थेकडे प्रस्थापित वाद्यवृंद होता, श्रोते होते, वजन होते. मागणी करणारी ताकदवान संस्था आधी नसेल तर ऑपेराच्या नावाने बांधलेल्या घरातही ऑपेराला दुय्यम जागा मिळते.

याउलट फिनलंडमध्ये १९११ साली कंपनी निघाली आणि रशियन सैनिकांसाठी बांधलेल्या एका छोट्या नाट्यगृहात तिने दशकानुदशके काढली. नवे घर मिळाले १९९३ मध्ये. तोवर तिच्याकडे गायक होते, प्रेक्षक होते, फिन्निश भाषेतले स्वतःचे ऑपेरा होते. ‘अखेरचे मोह’ हा योनास कोक्कोनेन यांचा १९७५ चा ऑपेरा तर देशभर लोकप्रिय झाला. नॉर्वेतही हाच क्रम. थोर गायिका कर्स्टन फ्लागस्टाद १९५८ मध्ये पहिल्या संचालक झाल्या, आणि ओस्लोच्या बंदरावरचे ते प्रसिद्ध घर उघडले २००८ मध्ये. कोपनहेगनला २००५ साली जहाज-उद्योगातल्या देणगीदाराने ऑपेरागृह भेट दिले. ते चालवण्याचा खर्च मात्र सरकारी अनुदानावरच्या रॉयल थिएटरवर पडला. घर फुकट मिळाले तरी दिवे, तंत्रज्ञ, देखभाल हे सगळे कायमचे असते.

इमारत बाजूला ठेवली की सर्वांत मोठा प्रश्न वाद्यवृंदाचा आणि कोरसचा उरतो. एकूण खर्चाचा मोठा आणि न हलणारा भाग तोच. स्वतःचा पूर्णवेळ वाद्यवृंद ठेवला तर दर्जा आणि एकजिनसीपणा मिळतो, पण वर्षाला चारच निर्मिती करणाऱ्या कंपनीत वादक कित्येक आठवडे रिकामे बसतात. टोकियोच्या न्यू नॅशनल थिएटरने १९९७ मध्ये सुरू होताना कोरस आपला ठेवला आणि वाद्यवृंद शहरातल्या संस्थांकडून घेतला. नव्या कंपनीसाठी हीच वाट मला शहाणपणाची वाटते: देशातल्या सिम्फनी वाद्यवृंदाशी वर्षातल्या ठरावीक आठवड्यांचा करार करावा, आणि त्या वाद्यवृंदाच्या अनुदानात तेवढी भर घालावी. त्याचेही काम वाढते, त्याचाही पाया भक्कम होतो. कोरसबाबत वेल्श नॅशनल ऑपेराने १९४६ मध्ये हौशी गायकांवर सुरुवात केली आणि व्यावसायिक कोरसकडे जायला बराच काळ घेतला. त्या गायकांमुळे कंपनी समाजात रुजली. उलट दिशेचा प्रवास फार क्लेशकारक असतो. स्कॉटिश ऑपेराला आर्थिक संकटात २००५ साली पूर्णवेळ कोरस मोडावा लागला आणि जवळजवळ एक हंगाम मोठे प्रयोग बंद ठेवावे लागले. एकत्र गाऊन गाऊन तयार झालेला तो आवाज जाहिरात देऊन पुन्हा मिळत नाही.

‘श्रीमंतांच्या करमणुकीला गरिबांचा कर का?’ हा प्रश्न सार्वजनिक चर्चेत नक्की येतो आणि त्याला खरे उत्तर द्यावे लागते. राजधानीत महागडी तिकिटे लावून बसलेल्या कंपनीकडे ते उत्तर नसते. म्हणून अनुदानाच्या करारातच लिहून घ्यावे: दरवर्षी किती शहरांत जाणार, प्रत्येक प्रयोगाला किती आसने कमी दरात, शाळांसोबत काय करणार, सार्वजनिक प्रसारण संस्थेला ध्वनिचित्रमुद्रणाचे हक्क कसे देणार, आणि देशातल्या संगीतकार-लेखकांकडून दर काही वर्षांनी किती नवे ऑपेरा लिहून घेणार. या प्रत्येक अटीला खर्च आहे. दौऱ्यात नेपथ्याची वाहतूक, मुक्काम, छोट्या नाट्यगृहातली कमी विक्री हे सगळे आले, त्यामुळे दौऱ्यांचा पैसा अनुदानात स्वतंत्र शीर्षाखाली दाखवावा. तसे केले नाही तर तंगीच्या पहिल्याच वर्षी दौरे कापले जातात, आणि ज्यांच्या नावाने कंपनीला ‘राष्ट्रीय’ म्हटले तेच लोक आधी वगळले जातात.

शेवटी वेळापत्रक. सरकारचा अर्थसंकल्प वर्षाचा असतो, तर ऑपेरातले नामवंत गायक आणि दिग्दर्शक दोन-तीन वर्षे आधी ठरवावे लागतात. म्हणजे कंपनी आज जे करार करते त्यांचे पैसे अजून मंजूर न झालेल्या अर्थसंकल्पातून यायचे असतात. वार्षिक अनुदानावर चालणारी कंपनी एक तर उशिरा ठरवते आणि उरलेसुरले गायक घेते, किंवा न मिळालेल्या पैशाच्या भरवशावर सह्या करते. दोन्ही वाटा तोट्याच्या. किमान तीन, शक्य तर पाच वर्षांची लेखी हमी, त्यात दरवर्षीची पगारवाढ गृहीत धरलेली. हमी संपण्याच्या निदान अठरा महिने आधी पुढच्या मुदतीचा निर्णय. आणि शिल्लक रक्कम सरकारजमा न करता काही महिन्यांच्या पगाराइतका राखीव निधी साठवण्याची मुभा. मंजुरीच्या कागदावर या तीन ओळी आहेत का ते आधी बघा. नसतील तर अर्थखात्याशी चर्चा तिथूनच सुरू करा, आणि संचालकाची जाहिरात तोवर काढू नका.